खोडचढ्याची गैरहजेरी

ज्या बाईला पहाटे उठून थंडीत दगडी बाकावर बसायची हौस असेल तिने खुशाल बसावं. मला ती कधीच नव्हती. माझं कपडे अल्टर करायचं दुकान आहे. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, कोटांची अस्तरं बदलायची, वजन वाढलेल्यांच्या शिवणी सैल करून द्यायच्या आणि त्याबद्दल त्यांच्या तोंडावर काही बोलायचं नाही, हे माझं काम. सकाळी मला चहाच्या कपावर हात शेकत अर्धा तास गप्प बसायला लागतं. पण त्या आठवड्यात आमचे हे मला अंधारातच हलवून उठवत होते, कारण त्यांना बागेत एक पक्षी नसल्याची खात्री करायची होती.

असल्याची नाही, नसल्याची. हे मी बहिणीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुझा संसार तुलाच झेपो.

त्या पक्ष्याचं पुस्तकी नाव लांबलचक आहे आणि ते मी मुद्दाम पाठ केलेलं नाही. बागेतले लोक त्याला खोडचढ्या म्हणतात. चिमणीहून लहान, पाठ झाडाच्या सालीच्या रंगाची, पोट पांढरं, चोच बारीक आणि जराशी वाकडी. बुंध्याशी उतरतो आणि उंदरासारखा खोडाभोवती फिरत सरसर वर चढतो. वर पोचला की खाली झेप, पुढच्या झाडाचा बुंधा, पुन्हा चढाई. दिवसभर हाच उद्योग. सालीच्या फटीतले किडे खातो आणि खाताना बारीक आवाजात सारखा ओरडत असतो. हा पक्षी आमच्याकडे फारसा कुठे सापडत नाही, पण बागेच्या मागच्या कोपऱ्यात जुनी झाडं आहेत तिथे त्याची एक जोडी होती. तिचा शोध आमच्या ह्यांनी लावला होता, आणि तोही कानाने.

हे टेलिफोन खात्यात होते. तारेत खरखर आली की ती कुठल्या खांबापाशी आहे ते नुसतं ऐकून सांगायचे. खांबावर चढलेल्या माणसाला खालून ओरडून काही सांगता येत नाही, म्हणून त्यांची एक पद्धत होती. इकडच्याने तारेत सूर सोडायचा आणि खांबावरच्याला तो ऐकू आला की त्याने हात वर करायचा. हात वर झाला म्हणजे तार ठीक. नाही झाला तरी लगेच तारेवर खापर फोडायचं नाही. आधी आपलं यंत्र तपासायचं, मग तारेला दोष द्यायचा. ही गोष्ट मी जेवताना, पाहुण्यांसमोर, आजारी असताना आणि एकदा तर दंतवैद्याच्या जिन्यात ऐकलेली आहे. दुकानात दोरा तुटला आणि मी दोऱ्याला शिव्या घातल्या की हे दारातूनच म्हणणार, आधी सुई बघ.

निवृत्त झाल्यावर त्यांनी तेच कान बागेत नेले. बाकीचे पक्षीवाले गळ्यात दुर्बीण अडकवून वर बघत माना मोडून घेतात. हे डोळे मिटून उभे राहायचे आणि म्हणायचे, पलीकडचं झाड, डावी फांदी. तिथे पक्षी असायचा. निम्म्या बागेला ह्यांनी ऐकायला शिकवलं आहे. ‘आधी आवाज, मग पक्षी’ हे वाक्य नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पाठ करावं लागतं. दुसरा नियम असा की थंडी कितीही असो, बागेत कान झाकायचे नाहीत. कानटोपी खिशात.

तर हा खोडचढ्या गेल्या हिवाळ्यापासून ह्यांना सापडेनासा झाला. नेमक्या त्याच सुमारास बागेला नव्या अधिकारी बाई मिळाल्या होत्या. बाईंनी आल्या आल्या वाळकी झाडं तोडली, खोडांवरचे वेल खरवडून काढले आणि कीड लागली म्हणून औषध फवारलं. ह्यांनी लगेच दोन अधिक दोन केले. किडे मेले, खोडचढ्या उपाशी राहिला, खोडचढ्या गेला. त्या रविवारी संध्याकाळी बागेच्या सभागृहात वर्षाची सभा होती, वरचे साहेब येणार होते, आणि हे उभे राहून सांगणार होते की या बाईंनी बागेतला दुर्मिळ पक्षी संपवला, त्यांना इथून हलवा. ह्यांचा शब्द बागेत चालतो. घरटं आहे म्हणून कुठली फांदी तोडायची नाही, हे साहेबलोकसुद्धा ह्यांना विचारून ठरवतात.

पण पक्षीवाल्यांचा एक रिवाज आहे. एकट्याने पाहिलेलं ते धरत नाहीत आणि एकट्याने न पाहिलेलंही धरत नाहीत. दोघं लागतात. इतकी वर्षं ह्यांचा दुसरा माणूस म्हणजे आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर. गेल्या हिवाळ्यात दोघांचं काहीतरी बिनसलं. काय ते हे सांगेनात; विचारलं की एवढंच म्हणायचे, तो थापाड्या निघाला. डॉक्टर बागेत यायचे बंद झाले आणि दुसरा माणूस म्हणून माझी भरती झाली. मी म्हटलं, मला चिमणी आणि कावळा यापलीकडे काही कळत नाही. तर म्हणाले, नसलेला पक्षी बघायला काय अक्कल लागते?

घरीही सुख नव्हतं. ह्यांनी घरातल्या वस्तूंवर संशय घ्यायला सुरुवात केली होती. ताप मोजायचं यंत्र वाजत नाही म्हणून दुकानदाराशी भांडून ते बदलून आणलं, आणि नवीनही वाजत नाही म्हणून तेही परत केलं. मला ते वाजलेलं चांगलं ऐकू यायचं. मी आतून ओरडायचे की वाजलं, काढा आता, तर हे काखेत यंत्र धरून बसलेले आणि म्हणायचे की तुला भास होतात. कपडे धुवायचं मशीन काम संपलं की बारीक शिट्टी देतं. ह्यांनी त्याचं पोट उघडून शिट्टी दुरुस्त केली. त्यानंतर मशीन शिट्टी तेवढी द्यायचं, बाकी सगळं बंद.

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्हाला तेव्हाच कसं कळलं नाही? अहो, ह्यांना ऐकू येत नाही असं मी लग्न झाल्यापासून म्हणत आलेय. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तर या कानाने आत, त्या कानाने बाहेर. माझ्या मावशीचाही नवरा ऐकत नव्हता, माझ्या बहिणीचाही ऐकत नाही. उलट मी वैतागून भांड्यांशी पुटपुटले तर ते मात्र ह्यांना दुसऱ्या खोलीत ऐकू जायचं आणि तिथून जाब यायचा. तेव्हा ह्यांच्या न ऐकण्याचा आणि कानांचा काही संबंध असेल, हे माझ्या मनात यायचं कारणच नव्हतं.

बागेत माझ्यावर पहारा असायचा. थर्मासचं झाकण उघडायचं नाही, आवाज होतो. नाक ओढायचं नाही. पाय हलवायचे नाहीत. नसलेल्या पक्ष्याला एवढं जपायचं कशासाठी, हे विचारायचं नाही. एका सकाळी मी अशी मूग गिळून बसले असताना कुठूनतरी बारीक कुरकुर ऐकू यायला लागली. दुकानातल्या जुन्या मशीनचं तेल संपलं की ते अगदी असंच कुरकुरतं, आणि त्या आवाजाने माझे दात आंबतात. थोडा वेळ सहन केलं. मग म्हटलं, माझ्या जुन्या मशीनसारखी कुरकुर चाललीय, माळ्याच्या ढकलगाडीच्या चाकाला कोणी तेल घालत नाही का?

हे म्हणाले, कुठली ढकलगाडी? मी वळून बघितलं. रस्ता रिकामा होता. माळीही नव्हता आणि गाडीही नव्हती. ह्यांनी लांब सुस्कारा टाकला आणि म्हणाले की तुझं लक्ष सगळं दुकानात, म्हणून तुला बागेत मशीनं ऐकू येतात. मला इतका राग आला की परतीच्या वाटेवर मी एक शब्द बोलले नाही. ते ह्यांच्या लक्षातही आलं नाही.

त्याच दुपारी अधिकारी बाई दुकानात आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच जवळून बघत होते. आमच्या लेकीच्या वयाची मुलगी. खात्याचा कोट तिला मिळाला होता, पण मापाचा शिल्लक नव्हता म्हणे, त्यामुळे बाह्या थेट बोटांपर्यंत येत होत्या. सभेला घालायचाय, रविवारपर्यंत होईल का, असं विचारलं. मी तोंडात टाचण्या धरून बाही दुमडत होते तेव्हा ती आरशात बघत म्हणाली, “काकू, सभेत काका बोलणार आहेत ना? ते बोलले की माझं कोण ऐकणार?”

तोंडात टाचण्या असल्या की उत्तर द्यावं लागत नाही, एवढा एक फायदा आमच्या धंद्यात आहे. मी तिची दुसरी बाही दुमडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी बाकावर बसले आणि पुन्हा तीच कुरकुर. या वेळी मी हट्टाला पेटले. ढकलगाडी नाही, झोपाळा नाही, फाटक लांब आहे, मग हे कुरकुरतंय काय? आवाजाच्या मागे नजर नेत नेत मी समोरच्या जाड खोडावर आले आणि तिथे सालीचा एक तुकडा हलला. तुकडा वर सरकला. मग थांबला, वळला, तर त्याला पांढरं पोट होतं.

मी ह्यांचा दंड धरला आणि बोट दाखवलं. ह्यांनी दुर्बीण लावेपर्यंत तो खोडाच्या मागे गेला होता. काय पाहिलंस, विचारलं. मी सांगितलं. हे हसले. लहान मुलाने आभाळात हत्ती दाखवला की मोठी माणसं हसतात तसे. म्हणाले, खार असेल, नाहीतर उंदीर. मी म्हटलं, उंदराला चोच कधीपासून फुटली? तेव्हा हे उठून त्याच झाडाखाली उभे राहिले आणि मला शिकवायला लागले.

“खोडचढ्या न ओरडता राहतच नाही,” हे म्हणाले. “आधी आवाज, मग पक्षी. आता ऐक. येतोय कुठे आवाज?”

आणि डोळे मिटून, हनुवटी वर करून ते ऐकू लागले. ह्यांच्या डोक्यावर हातभर अंतरावर तो पक्षी खोडाला वळसा घालून पुन्हा पुढे आला होता आणि गळा काढून ओरडत होता. कुरकुर, कुरकुर, थांबायचं नाव नाही. हे मात्र शांत. असं मन लावून ऐकताना मी ह्यांना किती दिवसांत पाहिलं नव्हतं. कपाळावर एक आठी नाही.

“काही नाही,” ह्यांनी डोळे उघडून सांगितलं. “बघितलंस?”

मला आधी चीड आली. मग कळलं. ताप मोजायचं यंत्र, मशीनची शिट्टी, मला होणारे भास, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. पक्षी तोवर पुढच्या झाडाच्या बुंध्याशी उतरला होता आणि हे मला सांगत होते की खार अशीच उतरते.

त्या संध्याकाळी मी दाढ दुखते म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेले. दाढेला काही झालेलं नव्हतं, पण डॉक्टरांनी खुर्चीत बसवलं, दिवा लावला आणि आरसा तोंडात घातला. मी तशाच अवस्थेत ‘खोडचढ्या’ म्हणायचा प्रयत्न केला. ते बोबडं बोलणं त्यांना बरोबर कळलं. हात थांबला. आरसा बाहेर काढून त्यांनी तो ट्रेमध्ये ठेवला आणि नर्सला बाहेर पाठवलं.

गेल्या हिवाळ्यात काय झालं ते त्यांनी सांगितलं. दोघं त्याच झाडाखाली उभे होते. डॉक्टर म्हणाले, ओरडतोय. हे म्हणाले, नाही. डॉक्टर म्हणाले, ऐका, आत्ता पुन्हा ओरडला. तर ह्यांनी इतर पक्षीवाल्यांसमोर सांगितलं की ज्याला बसल्या जागी नसलेले पक्षी ऐकू येतात त्याच्याबरोबर मी काम करत नाही. डॉक्टरांना तिथल्या तिथे सगळं कळलं होतं. वय झालं की आधी असे बारीक आवाज जातात, बोलणं राहतं, ट्रकचे भोंगे राहतात. म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. मग तुम्ही सांगितलं का नाही, मी विचारलं.

“वहिनी, मला ऐकायला त्यांनी शिकवलं,” डॉक्टर म्हणाले. “त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू की तुम्हाला ऐकू येत नाही? त्यापेक्षा थापाड्या बरा.”

पुढे म्हणाले, तुम्ही सांगा, तुमचं ते ऐकतील. मी खुर्चीतून उठले. माझं ऐकतील म्हणे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की सगळ्यांना मांजराची बायको आठवते.

तरी सांगायचा प्रयत्न केला. सभा तोंडावर आली होती. हे भर सभेत त्या पोरीवर आरोप करणार, कोणीतरी उठून म्हणणार की काका, पक्षी तर तिथेच ओरडतोय, आणि ज्या कानांवर आयुष्यभर मिजास केली त्यांचं सगळ्या गावासमोर हसं होणार. हे चित्र मला शिवताना दिसत होतं, जेवताना दिसत होतं. शनिवारी मी सरळ विषय काढला, कान एकदा दाखवून घ्या. हे म्हणाले, दाखवले होते, मळ नाही. मी म्हटलं, मळाचं नाही हो. तर म्हणाले, मध्ये बोलू नकोस, मी पाठ करतोय. आरशासमोर भाषण चाललं होतं. “मी आयुष्यभर ऐकण्याचं काम केलं” असं त्याचं पहिलं वाक्य होतं. ते ऐकल्यावर मी दुकानात जाऊन त्या पोरीच्या कोटाच्या बाह्या शिवल्या, एकदा उसवल्या आणि पुन्हा शिवल्या.

रविवारची सकाळ उजाडली. हे खुशीत होते, शेवटची फेरी म्हणून. बाकावर बसलो. मी कुरकुरीची वाट बघत होते आणि ती आली. मी नजर त्या खोडावर ठेवली आणि या वेळी बोट दाखवलं नाही. ह्यांची मान दोन्ही हातांनी धरून तिकडे वळवली. कोणी पाहिलं असतं तर आमचं भांडण चाललंय असंच वाटलं असतं.

ह्यांनी दुर्बीण लावली. श्वास रोखला. मग हळूच म्हणाले, “आहे.”

दुर्बिणीखाली ह्यांचं तोंड लहान पोरासारखं उघडं राहिलं होतं. मला वाटलं, सुटलो. पक्षी आहे, आता भाषण नाही, आरोप नाही, कान नाही. घरी जाऊन चहा पिऊ. तेवढ्यात ह्यांचं तोंड मिटलं आणि भुवया जवळ आल्या.

“ओरडत नाही हा,” हे म्हणाले. “चोच उघडतोय बघ. सारखी उघडतोय. पण आवाज नाही. मुका झालाय.”

मी कपाळाला हात लावला. पण ह्यांची गाडी सुटली होती. औषध फवारलेले किडे खाल्ले, घसा गेला. तरीच वर्षभर ऐकू आला नाही, होता इथेच, मुका होऊन. असा पक्षी कोणी पाहिला नसेल. संध्याकाळी नुसती बदली मागून भागणार नाही, चौकशीच मागायची. बाईंनी पक्षी घालवला ते एक वेळ परवडलं असतं, त्याची वाचा घेतली हे महापाप. हे बोलत होते आणि महापापाचा बळी समोरच्या खोडावर माझे दात आंबवत होता. नाचता येईना अंगण वाकडं असं आपण म्हणतो, पण इथे अंगणाला फाशी द्यायची तयारी चालली होती. माझी सहनशक्ती तिथे उसवली.

“अहो,” मी म्हटलं, “खांबावरचा माणूस काय करायचा?”

“आत्ता काय त्याचं?”

“सांगा तर.”

“ऐकू आलं की हात वर करायचा.”

“मग दुर्बीण लावा आणि चोचीवरून हलवू नका.”

मी उठले, झाडाकडे पाठ करून ह्यांच्या समोर दोन पावलांवर उभी राहिले आणि डोळे मिटले. कुरकुर झाली, मी हात वर केला. थांबली, खाली घेतला. पुन्हा झाली, पुन्हा वर केला. मग लागोपाठ झाली तेव्हा माझा हात नुसता वर-खाली. एकदा तो पक्षी बराच वेळ गप्प बसला आणि मीही हात खाली ठेवून गप्प उभी राहिले. मग ओरडला. हात वर. मला ह्यांचं काही ऐकू येत नव्हतं, श्वाससुद्धा नाही. खांदा दुखायला लागला तरी मी थांबले नाही, कारण डोळे उघडून ह्यांच्याकडे बघायची मला भीती वाटत होती.

“बस,” हे म्हणाले.

मी डोळे उघडले. दुर्बीण छातीवर लोंबत होती. हे माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या हाताकडे बघत होते.

“म्हणजे तार ठीक आहे,” हे म्हणाले.

“हो,” मी म्हटलं. “तार ठीक आहे.”

मी शेजारी बसले. थर्मासचं झाकण उघडलं तरी ओरडले नाहीत. चहा ओतून दिला तो हातात तसाच धरून बसले. मला वाटलं होतं चिडतील, माझ्यावर, डॉक्टरांवर, निदान पक्ष्यावर तरी. मग ह्यांनी विचारलं, डॉक्टरला त्या दिवशी ऐकू येत होता का. मी हो म्हटलं. ह्यांनी मान हलवली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता की ही कामं नेहमी माझ्याच वाट्याला का येतात.

“कसा येतोय आवाज?” ह्यांनी विचारलं.

“तेल संपलेल्या मशीनसारखा.”

“बरोबर,” हे म्हणाले. “तसाच असतो तो.”

संध्याकाळी सभेला हे उठले तेव्हा सभागृह भरलेलं होतं. ती पोरगी पुढच्या रांगेत होती, बाह्या अगदी मनगटापर्यंत. ह्यांनी पाठ केलेलं भाषण म्हटलंच नाही. म्हणाले, खोडचढ्या बागेत आहे. आज सकाळी मी पाहिला आणि हिने ऐकला, दोघं झालो, तेव्हा नोंद धरा. मला तो आता ऐकू येत नाही. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांना ऐकू आला होता, तेव्हा त्यांना मी खोटं पाडलं, ते मागे घेतो. मागच्या रांगेत डॉक्टर चष्मा पुसत बसले. एवढ्यावर बसावं ना माणसाने. पण नाही. त्यानंतर वेल खरवडताना साल कशी सांभाळायची यावर त्यांनी त्या पोरीची एवढी शाळा घेतली की वरच्या साहेबांनी दोनदा घड्याळात बघितलं. ती मात्र सगळं लिहून घेत होती. शेवटी कधी येऊ दाखवायला, असं तिने विचारलं, तर हे म्हणाले, पहाटे, आणि हिलाही घेऊन येतो.

मी मान हलवून नाही म्हणत होते, पण तिकडे कोणी बघितलं नाही. कानाच्या डॉक्टरांची वेळ मी दुसऱ्याच दिवशी घेतली. तिथे ह्यांनी चाचणी घेणाऱ्या बाईंना त्यांच्या यंत्राची वायर सैल आहे का ते आधी बघायला लावलं. वायर ठीक होती. आता कानात घालायचं यंत्र यायचं आहे. त्याने बोलणं ठळक ऐकू येईल, पण तो बारीक आवाज बहुतेक नाही, असं बाई म्हणाल्या. ह्यांनी त्यांना दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं.

सभा झाली, नसलेला पक्षी सापडला, आता तरी सकाळी झोपायला मिळेल असं मला वाटलं होतं. चाचणीच्या दुसऱ्या पहाटे ह्यांनी मला हलवून उठवलं. आम्ही जाऊन त्याच बाकावर बसलो. थंडी मरणाची होती. हे थोडा वेळ तसेच बसले, मग खिशातून कानटोपी काढली, ती उलगडली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बागेत ती कानांवर खाली ओढून घेतली.

“माझे झाकलेले चालतील,” हे म्हणाले. “तुझी काढ.”

मी चरफडत कानटोपी काढून खिशात घातली. ह्यांनी दुर्बीण खोडाकडे लावली. कान गार पडून दुखायला लागले, पण मी नाकही ओढलं नाही. थोड्या वेळाने मी हात वर केला.